कमी पैशांचा पाठलाग, खऱ्या लोखंडाची धडक

अमरावतीत पत्ता सांगताना आजही टॉकीजची नावं लागतात. राजापेठेतून ऑटोत बसलेला माणूस चित्रा चौक म्हणतो, प्रभात चौक म्हणतो, सरोज चौक म्हणतो. त्या टॉकीजचा पडदा कधी न पाहिलेली पोरंही हीच नावं घेतात. या शहराचं सिनेमाशी नातं नुसतं तिकीट काढणाऱ्याचं नव्हतं. हिंदी चित्रपटांच्या वितरणात ‘सी. पी. बेरार’ म्हणून जो प्रदेश ओळखला जातो, त्याची अमरावती ही जुनी पेठ. कोणता चित्रपट अकोल्यात चालेल, कोणता परतवाड्यात, कोणता यात्रेतल्या तंबूत, याची गणितं इथे मांडली जात. त्या गणितात ‘फायटिंगचा पिच्चर’ हा भरवशाचा माल होता. मोठा नट नसला तरी चालेल, गाणी बेताची असली तरी चालेल. गाड्या पळाल्या पाहिजेत आणि शेवटी एखादी तरी दरीत गेली पाहिजे.

अशा चित्रपटांवर मराठीत फारसं गंभीरपणे लिहिलं गेलेलं नाही. ही उणीव मला खटकते. कारण चित्रपटाच्या सगळ्या प्रकारांत कमी पैशांचं सर्वात जास्त चीज होतं ते गाड्यांच्या पाठलागात. राजवाडा उभारायला पैसा लागतो, लढाई दाखवायला पैसा लागतो. रस्ता मात्र आधीच बांधलेला असतो, गाडी भंगारातून येते, आणि लोखंडावर लोखंड आदळलं की होणारा परिणाम शंभर कोटींच्या चित्रपटात जेवढा, तेवढाच चार लाखांच्या चित्रपटात. या प्रकारात खऱ्या अर्थाने खर्ची पडतं ते माणसाचं शरीर. म्हणून त्याचा आढावा घेताना पैशाची गोष्ट आणि शरीराची गोष्ट वेगळी काढता येत नाही.

सुरुवात अमरावतीपासूनच करता येते. ‘अलबेला’मुळे घराघरात पोचलेले भगवान दादा, म्हणजे भगवान आबाजी पालव, यांचा जन्म १९१३ साली अमरावतीचा. गिरणी कामगाराचा मुलगा, कुस्तीचा नाद, आणि मूकपटांच्या काळातले स्टंटवीर मास्टर विठ्ठल यांच्यावर भक्ती. १९५१ साली ‘अलबेला’ येण्याआधी सुमारे दहा-बारा वर्षं या माणसाने एकामागून एक स्वस्तातले स्टंटपट काढले. १९३८ सालचा ‘बहादूर किसान’ हा त्यांच्या दिग्दर्शनाचा पहिला प्रयत्न, चंद्रराव कदम यांच्यासोबत केलेला. गिरणगावातला कामगार हा त्यांचा हक्काचा प्रेक्षक. भाड्याचे सेट, थोडी माणसं, झटपट चित्रीकरण, आणि मारामारी मात्र खरी. राज कपूर यांनी सामाजिक विषयाकडे वळा असा सल्ला दिला म्हणून ‘अलबेला’ झाला, असं सांगितलं जातं. त्यामागची तालीम स्टंटपटांची होती, हे आपण विसरतो. ‘अलबेला’तलं त्यांचं नाचणं नीट पाहा. पावलं मोजून, तोल सांभाळून, कमी हालचालीत जास्त परिणाम साधणारं ते शरीर पैलवानाचं आणि स्टंटवाल्याचं आहे.

या धंद्याची किंमतही तेव्हाच कळली होती. १९४२ मध्ये ‘जंग-ए-आज़ादी’च्या चित्रीकरणात भगवान दादांच्या हातून ललिता पवार यांना इतकी जोरात चपराक बसली की त्यांच्या चेहऱ्याला लकवा झाला, उपचार काही वर्षं चालले आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. ललिताबाईंनी त्यातून उभं राहून खाष्ट सासू अजरामर केली, हे त्यांचं मोठेपण. अपघात मात्र टाळता आला असता.

त्याच काळात निर्माते वाडिया बंधूंनी पाठलागाला वाहन दिलं. १९३५ च्या ‘हंटरवाली’त घोडा होता, १९३६ च्या ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये त्यांची नायिका नादिया धावत्या आगगाडीच्या टपावर लढली. वाडियांच्या चित्रपटांत घोडा आणि कुत्रा ही जशी पात्रं, तशी मोटारगाडीही पात्र असे. तिला ‘रोल्स रॉईस की बेटी’ असं लाडाचं नावही होतं. गाडीला नाव आणि स्वभाव देण्याची ही युक्ती पुढे जगभर वापरली गेली. नादिया जन्माने ऑस्ट्रेलियातल्या पर्थची. गाड्यांच्या पाठलागाला सर्वात मोठं वळण पुढे ऑस्ट्रेलियानेच दिलं, हा योगायोग मला आवडतो.

पण त्याआधी अमेरिकेतल्या एका भंगारवाल्याकडे वळायला हवं. एच. बी. हॅलिकी हा कॅलिफोर्नियात बिघडलेल्या गाड्या ओढून नेण्याचा आणि जुन्या गाड्यांचा धंदा करणारा माणूस. त्याने १९७४ साली ‘गॉन इन ६० सेकंड्स’ काढला. लेखक, निर्माता, दिग्दर्शक, नायक आणि नायकाच्या गाडीचा चालक असा सगळा भार त्याच्यावरच. खर्च सुमारे दीड लाख डॉलर. शेवटचा पाठलाग चाळीस मिनिटांच्या आसपास चालतो आणि एकूण ९३ गाड्यांचा चुराडा होतो. सरकारी लिलावात निघालेल्या जुन्या गाड्या त्याने स्वस्तात उचलल्या होत्या. दुसऱ्या दिग्दर्शकाला गाडी विकत घ्यावी लागते. याच्या आवारात त्या पडून होत्या. संवादांची दोन-चार पानं सोडली तर रीतसर पटकथाच नव्हती. कलाकारही ओळखीपाळखीचे, पोलीस आणि अग्निशामक दलाची माणसं खरीखुरी, आणि कार्सन गावचा महापौर स्वतःच्याच भूमिकेत. जवळपास एक आगगाडी रुळावरून घसरली, तर हॅलिकी कॅमेरा घेऊन तिथे पोचला आणि तो अपघात चित्रपटात बसवला.

या चित्रपटाचा पहिला अर्धा भाग कंटाळवाणा आहे. अभिनय बेताचा, संवाद विसविशीत. पण ती पिवळी मस्टँग, ‘एलिनॉर’ नावाची, एकदा पळायला लागली की नजर हलत नाही. सुरुवातीला चकचकीत असलेली गाडी हळूहळू चेपते, एक बाजू खरवडते, काच फुटते, बॉनेट वाकतं. प्रत्येक धक्का पुढच्या दृश्यात तिच्या अंगावर दिसत राहतो. हमरस्त्यावरच्या एका दृश्यात दुसऱ्या गाडीचा चुकून धक्का लागला आणि हॅलिकीची गाडी वेगात दिव्याच्या खांबावर जाऊन आदळली. तो अपघात ठरलेला नव्हता. शुद्धीवर आल्यावर त्याने आधी शॉट मिळाला का ते विचारलं, असं सांगतात. शेवटची उडी १२८ फुटांची. उतरताना त्याच्या पाठीचे दहा मणके दबले. २००० साली याच नावाने निकोलस केजला घेऊन जो चित्रपट निघाला, त्याला कित्येक कोटी डॉलर लागले. त्यातली उडी संगणकाने उचललेली आहे, आणि ते डोळ्यांना लगेच कळतं.

हॅलिकी २० ऑगस्ट १९८९ रोजी आपल्याच चित्रपटाच्या दुसऱ्या भागाचं चित्रीकरण करताना गेला. पाण्याची उंच टाकी पाडायचं दृश्य होतं. ताणलेली तार आधीच तुटली, तिने टेलिफोनचा खांब कापला आणि तो खांब त्याच्यावर पडला.

१९७०च्या दशकात अमेरिकेत असे चित्रपट ढिगाने निघाले. रॉजर कॉर्मन यांनी ‘डेथ रेस २०००’ काढला, ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’त तेविशीतल्या रॉन हॉवर्डला पहिल्यांदा दिग्दर्शनाची संधी दिली. स्पीलबर्गचा १९७१ चा ‘ड्युएल’ हा दूरचित्रवाणीसाठी दोनेक आठवड्यांत उरकलेला चित्रपट: एक साधी मोटार, एक कळकट टँकर, आणि ज्याचा चेहरा कधीच दिसत नाही असा त्याचा चालक. कमी साधनांतून भीती कशी उभी करावी, याचा याहून चांगला धडा नाही. बाकीच्यांबद्दल विशेष सांगावं असं थोडंच आहे.

ऑस्ट्रेलियातला ‘मॅड मॅक्स’ मात्र वेगळ्या जातीचा. जॉर्ज मिलर पेशाने डॉक्टर; अपघात विभागात काम करताना रस्त्यावरचे जखमी त्यांनी रोज पाहिलेले. पैसे जमवण्यासाठी त्यांनी रात्री-अपरात्रीच्या रुग्णभेटी केल्या आणि त्यांचा निर्माता मित्र बायरन केनेडी गाडी चालवायचा. साडेतीन ते चार लाख ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये चित्रपट उभा राहिला. पहिल्याच पाठलागात जी निळी व्हॅन फुटते ती मिलर यांची स्वतःची. स्टंट सांभाळणारे ग्रँट पेज चित्रीकरणाच्या सुरुवातीलाच मोटरसायकलच्या अपघातात पाय मोडून बसले आणि तशाच पायाने कामावर आले. संकलन राहत्या घराच्या स्वयंपाकघरात झालं. १९७९ साली प्रदर्शित झालेला हा चित्रपट खर्चाच्या तुलनेत कमाईत पुढची वीस वर्षं जगात पहिला मानला जात होता. हॅलिकीच्या चित्रपटात लोखंड मोडल्याची मजा आहे. मिलर यांच्या चित्रपटात त्या लोखंडाच्या आत माणूस आहे याची जाणीव आहे. डॉक्टरची नजर तिथे दिसते, आणि म्हणून मी ‘मॅड मॅक्स’ला वरचा क्रमांक देतो.

गाडी उडते आणि उलटते ती कशी, हे इथे सांगायला हवं, कारण कमी खर्चाची सगळी कारागिरी तिथे आहे. ताशी ७२ किलोमीटर वेगाने १५ अंशांच्या रॅम्पवरून सुटलेली गाडी, हवेचा अडथळा सोडला तर, सुमारे २० मीटर पुढे जाते. वेग ९० केला की ३२ मीटर. म्हणजे काट्यावरचा थोडासा फरक आणि गाडी ठरलेल्या जागेच्या पार पलीकडे. इंजिन पुढे असल्याने हवेत नाक खाली जातं. ते सावरायला डिकीत वाळूची पोती किंवा लोखंड भरतात. अमेरिकेतल्या ‘ड्यूक्स ऑफ हॅझर्ड’ या मालिकेत नारिंगी डॉज गाडी दर भागात उडायची. डिकीत वजन भरूनही उतरल्यावर ती बहुधा पुन्हा चालण्याजोगी राहत नसे. मालिका संपेपर्यंत अशा तीनशेच्या आसपास गाड्या खर्ची पडल्या.

उलटवण्याचे दोन मार्ग. एका बाजूची चाकं चढतील असा पाइपचा अरुंद रॅम्प लावायचा, किंवा गाडीच्या पोटात नळकांडं बसवून आतला दट्ट्या जमिनीवर सोडायचा. हा दुसरा प्रकार १९७४ च्या ‘मॅक्यू’ चित्रपटात हॉलिवूडने पहिल्यांदा वापरला. तेव्हा दारूगोळ्याने दट्ट्या उडवत, आता दाबाखालचा नायट्रोजन वापरतात. २००६ च्या ‘कॅसिनो रॉयल’मध्ये गाडीने सात कोलांट्या घेतल्या, २०२४ च्या ‘द फॉल गाय’साठी साडेआठ. गाडीच्या आत लोखंडी पिंजरा जोडलेला असतो, मूळची टाकी काढून अगदी थोडं पेट्रोल मावणारी छोटी टाकी बसवतात, चालकाला चार-पाच पट्ट्यांनी जखडतात. उरलेलं काम कॅमेऱ्याचं. सेकंदाला २४ ऐवजी १८-२० चौकटी टिपल्या की साठच्या वेगाची गाडी ऐंशीला पळते. कॅमेरा चाकाच्या उंचीवर ठेवला की वेग आणखी वाढतो. रिकामे पिंप, खोक्यांचे ढीग, भाजीची हातगाडी हे सगळं गाडीला फार इजा न करता धडकेचा आभास देणारं सामान. मातीच्या रस्त्यावर टायरचा चीत्कार ऐकू येतो तो नंतर भरलेला असतो.

आपल्याकडे हे सगळं मेकॅनिक आणि फाईट मास्टर यांनी एकमेकांत शिकून घेतलं. रीतसर शाळा नव्हती. ‘शोले’साठी १९७०च्या दशकात ब्रिटिश स्टंटवाले आले, तेव्हा सुरक्षेची साधनं आपल्या मुलांनी जवळून पाहिली. त्याच चित्रपटात बसंतीचा टांगा पळवणाऱ्या दृश्यांत हेमा मालिनी यांच्या जागी रेश्मा पठाण होत्या आणि टांगा उलटून त्या जखमी झाल्या. १९८० च्या ‘कुर्बानी’त फिरोज खान यांनी मर्सिडीज ठोकून दाखवली, परदेशी गाडी रस्त्यावर दिसणंही दुर्मीळ असलेल्या त्या दिवसांत हा प्रेक्षकाला धक्काच होता. पण ती श्रीमंती अपवादाची. नेहमीच्या चित्रपटात फुटायची ती अॅम्बॅसेडर, फियाट, मॅटाडोर आणि पुढे मारुती व्हॅन. दरीत पडणारी गाडी आणि क्षणापूर्वी वळणावर दिसलेली गाडी यांचं मॉडेल निराळं असे, ते पिटातल्या पोरांना बरोबर कळे. नव्वदच्या दशकात मिथुन चक्रवर्ती यांनी उटीत बसून झपाट्याने काढलेले स्वस्त चित्रपट एकपडदा टॉकीजचा आधार होते. त्यांत जीप हवेत जाणं हे गाण्याइतकंच ठरलेलं. या चित्रपटांना हसणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही. त्या चित्रपटांनी टॉकीज चालू ठेवल्या आणि स्टंटवाल्यांच्या घरी चुली पेटत्या ठेवल्या.

मराठीत हा धागा महेश कोठारे यांनी धरला. ‘दे दणादण’, ‘थरथराट’, ‘धडाकेबाज’ या चित्रपटांत विनोदाच्या जोडीला पाठलाग आणि स्टंट आले. १९९० चा ‘धडाकेबाज’ हा मराठीतला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. रुंद पडद्यावर रस्ता मावतो, धूळ मावते, हे त्यांनी ओळखलं होतं. मराठीचा बाजार लहान, त्यात त्यांनी हे धाडस केलं. त्यांच्या मागून त्या वाटेने नेटाने चालणारे फार थोडे निघाले. पाठलाग म्हणजे हिंदीचं काम, असं मराठी निर्मात्याने स्वतःच ठरवून टाकलं, आणि ते चुकलं असं माझं मत आहे.

चुकलं ते कसं, याचा पुरावा मालेगावात आहे. यंत्रमागांच्या त्या गावात नासिर शेख नावाच्या व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या तरुणाने सुमारे ५० हजार रुपयांत ‘मालेगाव के शोले’ काढला. आगगाडी परवडत नव्हती, तिथे बस आली. घोडे परवडत नव्हते, तिथे डाकू सायकलवर बसले. सायकलवर कॅमेरामन बसवून धावती दृश्यं टिपली, बैलगाडीचं जू वर-खाली करून क्रेनचं काम भागवलं. फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात अशी सगळी धडपड दिसते. रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ २०२५ साली चित्रपटगृहांत आला. सायकलवरचा पाठलाग विनोदी आहेच. पण त्यात दृश्यांची जोडणी बिनचूक आहे: कोण पुढे, कोण मागे, अंतर किती उरलं, हे प्रेक्षकाला सतत कळतं. मोठमोठ्या हिंदी चित्रपटांत आज नेमकं तेच कळत नाही.

आपल्या वऱ्हाडात तर गाडीचा जिवंत स्टंट पडद्याबाहेरही पाहिला जातो. बहिरमसारख्या मोठ्या यात्रांत मौत का कुआँ लागतो. लाकडी फळ्यांच्या उभ्या भिंतीवर मोटरसायकली आणि जुन्या मारुती गोल फिरतात. पाच-सहा मीटर त्रिज्येच्या विहिरीत ढोबळ हिशेबाने ताशी तीस-पस्तीस किलोमीटरच्या खाली वेग गेला की टायरची पकड सुटते. चालक खिडकीबाहेर बसून प्रेक्षकाच्या हातातली नोट घेतो ती या हिशेबावर जीव ठेवून. तिथे ना दुसरा टेक, ना पिंजरा. आणि शरीराच्या शिस्तीचं म्हणाल तर याच अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली होती. मल्लखांबावर तोल शिकलेलं पोरगं, गॅरेजात हात काळे केलेलं पोरगं आणि मोबाइलवर कॅमेरा चालवणारं पोरगं, ही तिन्ही राजापेठेपासून बडनेरा रोडपर्यंत कुठेही सापडतील.

रस्त्याचीही वाण नाही. अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरची डांबरी मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून गिनीज विक्रम झाला. पण पाठलाग चालत्या महामार्गावर किंवा राजापेठ-इर्विन उड्डाणपुलावर चोरून टिपायचा नसतो, हे आपल्या पोरांना स्पष्ट सांगायला हवं. हॅलिकीचं धाडस वाचून कुणी पेटून उठणार असेल तर त्याने हॅलिकीचा शेवटही वाचावा. बंद रस्ता, मोकळी धावपट्टी, रिकामं मैदान आणि परवानगीचा कागद यांना फार पैसा लागत नाही. फेऱ्या मारण्याची तयारी लागते.

आज वीस-पंचवीस लाखांतही संगणकावर गाडी उडवून मिळते. तिला वजन नसतं. जमिनीला टेकताना स्प्रिंग दबत नाही, धूळ उशिरा उडते, उलटलेली गाडी फुग्यासारखी तरंगते. रोहित शेट्टी यांच्या गाड्यांवर टीका करणारे करोत, स्टंटमास्टर एम. बी. शेट्टी यांचा हा मुलगा खऱ्या गाड्या उडवण्याचा आग्रह धरतो आणि त्यातून अनेक स्टंटकलाकारांना काम मिळतं. संगणकाचा खरा उपयोग तारा आणि रॅम्प पुसण्यासाठी, माणसाला धोक्यापासून चार हात लांब ठेवण्यासाठी आहे. तेवढ्यासाठी तो वापरावाच.

कारण माणसं अजून मरताहेत. मल्याळम नट जयन १६ नोव्हेंबर १९८० रोजी शोलावरमच्या धावपट्टीवर हेलिकॉप्टरला लटकण्याच्या दृश्यात गेले. २०१६ साली ‘मास्ती गुडी’ या कन्नड चित्रपटासाठी हेलिकॉप्टरमधून जलाशयात उडी टाकलेले दोन नट बुडाले. १३ जुलै २०२५ रोजी तमिळनाडूत नागपट्टिनम जिल्ह्यात रॅम्पवरून गाडी उडवून उलटवण्याचं दृश्य करताना एस. एम. राजू हे अनुभवी स्टंटकलाकार गेले. आयुष्यभर हेच काम केलेला माणूस, आणि दृश्यही या धंद्यात रोजचं. त्यानंतर अक्षय कुमार यांनी साडेसहाशेच्या वर स्टंटकलाकारांचा विमा उतरवल्याच्या बातम्या आल्या. २०१७ मध्येही त्यांनी अशी योजना सुरू केली होती. एका नटाने स्वतःच्या खिशातून हे करावं याबद्दल आदर वाटतो, आणि उद्योगाने ते नटावर सोडावं याची चीड येते. मान्यताही उशिराच आली: आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत स्टंट दिग्दर्शनाचा विभाग २०१७ च्या सोहळ्यापासून सुरू झाला आणि ‘पुलिमुरुगन’साठी पीटर हेन यांना पहिला मान मिळाला, ऑस्करमध्ये तो २०२८ च्या सोहळ्यात पहिल्यांदा दिला जाणार आहे.

म्हणून मराठी निर्मात्यांना, आणि वऱ्हाडात मोबाइलवर लघुपट काढणाऱ्या प्रत्येकाला, माझं मागणं आहे: पाठलाग जरूर करा, भंगारातल्या गाड्या आणा, सायकलवर कॅमेरा बांधा, सेटवर बचत करा. पिंजरा, पट्टे, रुग्णवाहिका आणि विमा यांत एक रुपयाही वाचवू नका. राज्य सरकारने मराठी चित्रपटाच्या अनुदानाच्या अर्जासोबत स्टंट करणाऱ्या प्रत्येकाच्या विम्याची पावती सक्तीची करावी. आणि त्यांची नावं श्रेयनामावलीत ठळक अक्षरांत, नायकाच्या नावानंतर लगेच द्यावीत.